भुताचा शिरा

माझ्या सासऱ्यांना भुतानं धरलं होतं, आणि त्या भुताला रोज दुपारी शिरा करून घालायचं काम माझ्याकडे होतं.

हसू नका. निजामाचं राज्य होतं, बाहेर लढाई चालू होती आणि साखरेची मारामार होती. माणसं चहात गूळ घालून दिवस ढकलत होती, आणि हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या घरात एका मेलेल्या माणसासाठी तुपात रवा भाजला जात होता! रवा भाजताना माझं अर्धं लक्ष पाठीमागं असायचं. पण शिरा मात्र कधी करपला नाही, एवढं सांगून ठेवते.

मी हट्टा गावची, चौथी पास. माहेरी मला सगळे शहाणी म्हणायचे. सासरी आल्यावर तो शब्द कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी धिप्पाड. ते ओसरीवर येऊन बसले की ओसरी लहान झाल्यासारखी वाटायची. आमच्याकडची रीत अशी की सुनेनं सासऱ्याशी तोंडानं बोलायचं नाही, आणि सासऱ्यानंही सुनेशी नाही. मधे कोणी माणूस नसलं तर ओसरीच्या खांबाशी बोलायचं. मी पदर पुढं ओढून म्हणायचे, "खांबा, मामाजींना विचार, कोरड्यास वाढू का?" मामाजी खांबाकडे बघून म्हणायचे, "खांबा, सूनबाईला सांग, वाढ म्हणावं, आन् रस्सा जास्त टाक." आमच्या घरातलं जेवढं त्या खांबाला माहीत होतं, तेवढं खुद्द आत्याबाईंनाही नव्हतं.

तर त्या वर्षी थंडीच्या सुमाराला मामाजी वाळायला लागले.

आजारी माणूस वाळतो, त्यात काय विशेष? पण मामाजी खात होते! पहिल्यापेक्षा दुप्पट खात होते. मी भाकऱ्या थापून थापून दमायचे, आणि खांब आपला सांगतोय, "अजून एक आण." इतकं खाऊनही त्यांचे गाल बसले, बाराबंदी अंगावर लोंबायला लागली, हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत वर सरकायला लागलं. एक दिवस आत्याबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "सूनबाई, खातेत तर हे. मंग पोसून कोन राहिलं?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण तोच प्रश्न मलाही पडला होता, आणि मी तो मनातल्या मनात दाबून ठेवला होता.

मग पाणी. सकाळी भरलेला रांजण दुपारी ठणठणीत. मी पुन्हा भरायचे, तो दिवेलागणीला पुन्हा रिकामा. घरात जनावर नाही, पाव्हणा नाही. रांजणाला तडा गेला असेल म्हणून मी तो चिकणमातीनं लिंपून काढला, आतून, बाहेरून आणि (सांगायला लाज वाटते) झाकणालाही! रांजणातल्या पाण्यात वाकून बघितलं की आपलंच तोंड दुसऱ्या कुणाचंतरी वाटायचं. मी बघणंच सोडून दिलं.

मग मुंग्या आल्या.

गोठ्यामागं एक काळा धोंडा होता. मामाजी लघवीला तिकडं जायचे. त्या धोंड्याला मुंग्यांची काळी रांग लागली. साधीसुधी नव्हे, बोटभर रुंद! कुडाच्या बुडातून निघायची, गोठा ओलांडायची आणि धोंड्यावर जाऊन नुसती बुजबुजायची. आत्याबाई पुण्य लागावं म्हणून मुंग्यांना साखर घालायच्या. त्यांनी त्या रांगेशेजारी जपून ठेवलेल्या साखरेची चिमूट सोडली. मुंग्यांनी साखरेकडे ढुंकून बघितलं नाही! सरळ धोंड्याकडे. आत्याबाई मागं सरकल्या आणि त्यांनी धोंड्याला हळदकुंकू वाहिलं. मी नमस्कार केला. (आम्ही नेमका कशाला नमस्कार करत होतो, हे नंतर कळल्यावर मी दोनदा अंघोळ केली.)

त्यानंतर वास. पौषाचे दिवस, आंब्याला अजून मोहोर नाही, आणि आमच्या ओसरीवर पिकल्या आंब्यांचा वास! सुवासिक नव्हे, अढीतला आंबा उतरायला लागल्यावर येतो तसा. मी माळ्यावर चढले, कणग्या हुडकल्या, उतरंडी उतरवल्या. आंबा कुठंच नाही. वास मात्र मामाजींच्या खाटेजवळ गेलं की दाट व्हायचा.

आणि मग ती दुपार. भर बाराचं ऊन, आळीत चिटपाखरू नाही. मी ओसरी नुकतीच सारवून आत गेले होते. बाहेर येऊन बघते तर ओल्या सारवणावर पावलं उमटलेली. तांबडी. रक्ताची!

आणि एकाच पायाची.

उजवं, उजवं, उजवं. डावं पाऊल नाहीच. दारातून आत आलेली, खांबाला वळसा घातलेली, आणि मामाजींच्या खाटेशी जाऊन थांबलेली. मामाजी खाटेवर बसून शांतपणे सुपारी कातरत होते.

मी अशी किंचाळले की शेजारच्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. आत्याबाई धावत आल्या. त्यांनी मामाजींचा पाय उचलून बघितला, तर तळव्यात बाभळीचा हा एवढा काटा, पार आत गेलेला.

"अवो, दुखून नाही राहिलं का?" आत्याबाई ओरडल्या.

मामाजींनी पायाकडे बघितलं. दुसऱ्याच्या पायाकडे बघावं तसं. "न्हाई," ते म्हणाले. "मला तर काहीच कळलं न्हाई."

आपल्या पायात काटा मोडला आणि आपल्याला कळलं नाही, म्हणजे तो पाय आता कुणाचा? संध्याकाळपर्यंत अख्ख्या गोरेगावात बातमी झाली.

दुसऱ्या दिवशी कोंडबा भगत आला. डोळ्यांत सुरमा, गळ्यात कवड्या. त्यानं परातीत हळदीचं पाणी ओतलं, त्यात बोटं बुडवून काहीतरी पुटपुटला, आणि आमच्या डोळ्यांदेखत पिवळं पाणी लालभडक झालं! आत्याबाई मटकन खाली बसल्या. मी भिंतीला चिकटले. (हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे मला पक्कं माहीत होतं. घरचं कुंकू मीच तसं करत होते! पण चुना भगताच्या बोटाला असला की अक्कल आपली कामावर राहत नाही.)

"भुकेलं हाय," भगत म्हणाला. "लई दिवसाचं भुकेलं. तुमच्या घरात कोनी गोडाची वासना ठेवून गेलं का?"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. मामाजींचे थोरले भाऊ. लग्नाची पंगत बसली होती, बुंदी वाढायची बाकी होती, आणि ते पाटावरच कोसळले होते. बुंदी तशीच राहिली.

"बराबर!" भगतानं मांडीवर थाप मारली. "तेच हाय. ह्यांच्या तोंडानं तेच खातंय. त्याचं पोट भरत न्हाई तवर ते ह्यांना सोडनार न्हाई. रोज भर दुपारी गोड घाला. आन् जी बाई ह्यांच्याशी बोलत न्हाई, तिच्याच हातानं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून मी भुताची स्वयंपाकीण झाले. भर दुपारी, आळी सामसूम असताना, पितळी वाटीत शिरा घेऊन मी खांबाआड उभी राहायचे. वाटी पुढं सरकवायचे. पलीकडून चाटल्याचा, मिटक्यांचा आवाज यायचा. पळून जावंसं वाटायचं, पण कर्तव्य ते कर्तव्य. मी म्हणायचे, "खांबा, त्यांना विचार, अजून पाहिजे का?"

खांबापलीकडून आवाज यायचा. कोरडा, घोगरा, मामाजींचा नव्हेच असा. "आण."

मी आणायचे! लाडू झाले, गुळपोळ्या झाल्या, कुठून कुठून साखर मिळवून बुंदीही झाली, कारण वासना बुंदीची होती. भूत खात होतं, मामाजी सुकत होते, रांजण रिकामे होत होते आणि मुंग्यांची रांग आता बोटभर नव्हे, चार बोटं रुंद झाली होती. आंब्याचा वास चुलीपर्यंत यायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, "भूत लई खूश हाय बघ." मी दुसऱ्या दिवशी तूप वाढवलं.

एका दुपारी शिऱ्याची वाटी तशीच राहिली. मिटक्या नाहीत. नुसता श्वास. खोल, लांब, भात्यासारखा. मी खांबाआडून विचारलं, "खांबा, त्यांना विचार, काहून खात न्हाईत?"

वाटी माझ्याकडे परत सरकली. मग तोच कोरडा आवाज, पण त्यात मामाजी होते.

"खांबा," ते म्हणाले, "सूनबाईला सांग. मला मरायचं न्हाई."

एवढा मोठा माणूस, आणि हे सांगायला त्याच्याकडे एक लाकडाचा खांब. मी पदर तोंडात कोंबून रडले. भूत राहो नाहीतर जावो, हा माणूस मला हवा होता, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं.

आमचे हे (म्हणजे माझे यजमान) तुरीच्या खळ्यावर मुक्कामाला होते. मी निरोप धाडून त्यांना बोलावलं आणि सांगितलं, "मामाजींना हिंगोलीला न्या. दवाखान्यात." आत्याबाई तयार होईनात. शेवटी भगतानं परवानगी दिली, पण एका अटीवर: वाटेत भुताची उपासमार होता कामा नये. मग काय! मी डबाभर लाडू घेतले आणि बैलगाडीत मामाजींच्या उशाशी बसले.

पहाटे निघालो. गाडीभर तो उतरलेल्या आंब्याचा वास. मामाजी ग्लानीत, त्यांचा श्वास बैलांच्या श्वासापेक्षा मोठा. घोंगडी झटकली होती तरी घडीतून मुंग्या निघतच होत्या. भूत आपलं लष्कर बरोबर घेऊन निघालंय असं वाटत होतं. हिंगोलीला पोचायला दिवेलागण झाली.

दवाखान्यातले डॉक्टर मुसलमान, बोलायला प्रेमळ, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी. त्यांनी मामाजींच्या तोंडाजवळ नाक नेलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. माझ्या हातात काचेची बाटली देत म्हणाले, "बहन, इनको बोलो, इसमें पेशाब करना. जल्दी."

आमचे हे बैल सोडायला गेलेले. खोलीत मी, बाकावर मामाजी, आणि एकही खांब नाही!

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. कोपऱ्यात वजन करायचा लोखंडी काटा उभा होता. मी पदर ओढून त्याच्यासमोर उभी राहिले.

"काट्या," मी म्हणाले, "मामाजींना सांग... म्हणजे... ह्या बाटलीत... काट्या, तूच समजून घे ना रे!"

डॉक्टर चष्मा वर करून बघत राहिले. "किससे बात कर रहे?"

तेवढ्यात बाकावरून क्षीण आवाज आला. "काट्या, सूनबाईला सांग, बाटली ठेव आन् भाईर जा. समजलं मला."

मी बाहेर गेले, पण दाराच्या फटीतून बघत राहिले. डॉक्टरांनी नळीत निळं औषध घेतलं. निळं, पितांबराच्या काठासारखं. त्यात बाटलीतले थोडे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. औषध उकळलं. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं. आणि मग, बघता बघता, तळापासून वरपर्यंत, विटेसारखं लाल!

मी दार ढकलून आत घुसले. "डॉक्टरसाहेब! तुमीबी भगत हाव?"

"शक्कर है," डॉक्टर पुटपुटले. "बहुत शक्कर."

"व्हय! शक्करच मागतंय ते!" मी आनंदानं ओरडले. अखेर कुणीतरी जाणकार भेटला होता. "रोज मागतंय. मी रोज घालते. शिरा, लाडू, बुंदी..." आणि मी त्यांच्यासमोर डबा उघडून धरला.

डॉक्टरांनी लाडवांकडे बघितलं, मामाजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. आधी त्यांनी मामाजींना सुई टोचली, मग मला स्टुलावर बसवलं आणि तोडक्यामोडक्या मराठीत समजावलं. आपण खातो त्याची रक्तात शक्कर होते. अंगात एक रस असतो, तो त्या शक्करला हाताला धरून घराघरात पोचवतो. मामाजींचा रस दारोदार हाका मारत होता, पण अंग बहिरं झालं होतं. दारं उघडत नव्हती. शक्कर रक्तात तुंबली आणि अंगातलं पाणी ओढत लघवीवाटे वाहून गेली, म्हणून ती तहान, ते रिकामे रांजण आणि त्या मुंग्या. अंग उपाशी राहिलं आणि स्वतःचीच चरबी जाळायला लागलं, म्हणून तो वास. पायाच्या नसा मेल्या, म्हणून काटा कळला नाही.

"मंग भूत?" मी विचारलं.

"भूत है ना," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "रोज चुल्हे के सामने बैठके शिरा बनाता है."

भगताच्या परातीला मी जेवढी घाबरले नव्हते, तेवढी त्या वाक्याला घाबरले. रक्ताची पावलं, रांजण, खांबापलीकडचा आवाज, सगळं परवडलं. पण आपण एका जित्या माणसाला वाटी वाटीनं मारत होतो, वर तूप वाढवत होतो! त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, मी मामाजींच्या छातीचं वरखाली होणं बघत राहिले.

मामाजी वाचले. सुया टोचल्या, सलाईन लावलं, तोंडाला काय काय कडू लावलं. हळूहळू तो वास गेला, श्वास लहान झाला, आणि एका सकाळी ते बाकाला टेकून बसले आणि चहा मागितला. बिनसाखरेचा मिळाला. त्यांनी काट्याकडे बघून एक शिवी हासडली, ती काट्यानं मला सांगितली नाही. मला इतकं बरं वाटलं की मी खिडकीपाशी उभी राहून रडून घेतलं.

निघायच्या दिवशी डॉक्टर आहार सांगत होते. जवारीची भाकर, मेथी, कारलं. गोड बंद. मग मधेच थांबून त्यांनी मला विचारलं, "एक बात बताओ बहन. वो सगळा शिरा हेच खात होते?"

"सगळा न्हाई," मी म्हणाले.

"उरलेला?"

"टाकून कसा द्यायचा?" मी बारीक आवाजात म्हणाले. "लढाईचे दिवस. तूप घातलेला. आन् भुताचं उष्टं दुसऱ्या कोनाला द्यावं तर पाप लागंल."

डॉक्टरांनी मला त्या काट्यावर उभं राहायला सांगितलं. काटा करकरला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. (बांगड्या मनगटात रुतल्या होत्या, साबण लावूनही निघत नव्हत्या. मला वाटायचं, बांगडीवाल्यानंच फसवलं!) "चरबी जितकी जास्त, अंग तितकं बहिरं," ते म्हणाले आणि माझ्या हातात काचेची बाटली दिली.

पुन्हा निळं औषध, पुन्हा दिवा. मी देवाचं नाव घेत होते. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं व्हायला लागलं, आणि तिथंच अडून बसलं.

"अभी थोडी है," डॉक्टर म्हणाले. "पण है."

बाकावरून खसखस ऐकू आली. मी वळून बघितलं, तर मामाजी पोट धरून हसत होते. काट्याकडे नाही, भिंतीकडे नाही, थेट माझ्याकडे बघून! लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

गोरेगावला पोचलो तेव्हा आळीभर माणसं जमली होती. आत्याबाई पंचारतीचं ताट घेऊन दारात उभ्या, कोंडबा भगत त्यांच्या शेजारी. आमचे हे आणि गडी पुढं आले आणि मामाजी त्यांच्या खांद्याला धरून टुणकन खाली उतरले.

"काढलं का वो भूत?" आत्याबाईंनी अधीर होऊन विचारलं.

"कशाचं काढतेत?" मामाजी म्हणाले. "एक घेऊन गेलो, दोन घेऊन आलो."

माणसं चार पावलं मागं सरली, भगत तर उंबऱ्यावरच अडखळला. आणि दुसरं भूत बैलगाडीतून उतरायला लागलं. पण ते काही एकट्यानं उतरेना. शेवटी तिघांनी खालून धरलं, एकानं वरून ढकललं, तेव्हा कुठं ते जमिनीला लागलं!